टोपलीतून पीठ पडतंय म्हणजे बुरुडाने फसवलं असं नाही

दादा, तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे की गेल्या मे महिन्यात बहिणीच्या लग्नात पाहुण्यांना द्यायला २०० लहान टोपल्या आणि रुखवतासाठी ११ सुपं तुम्ही तालुक्याच्या बाजारात बसणाऱ्या एका बुरुडाकडून करून घेतली, ऑर्डर लग्नाच्या १२ दिवस आधी दिली, टोपल्या दिसायला छान होत्या, मांडवात सगळ्यांनी कौतुक केलं, आणि पोळ्याच्या आसपास नातेवाइकांचे फोन सुरू झाले की टोपलीखाली रोज पिवळं पीठ पडतंय आणि सुपांवर काळे डाग आलेत. आता येत्या एप्रिलमध्ये धाकट्या भावाचं लग्न आहे, आणि तुम्ही विचारताय की त्या माणसाने फसवलं का, यावेळी कोणाकडून घ्याव्यात, आणि वरून वॉर्निश मारलं तर हे थांबेल का.

मी चंद्रपूर जिल्ह्यात मूल तालुक्यातल्या एका गावात राहते, माहेर आणि सासर दोन्हीकडे बुरुडकामच, लग्न करून आले त्याला २३ वर्षं झाली आणि तेव्हापासून हातात बांबू आहे. आधी सासऱ्यांच्या हाताखाली ओसरीत बसून काम केलं, आता घरामागे टिनाचं शेड आहे आणि आम्ही नऊ जणी आणि तीन माणसं मिळून काम करतो. त्यामुळे जे सांगते ते आमच्या शेडमधलं आहे, मानवेल बांबूचं आहे. दुसऱ्या जातीचा बांबू किंवा कोकणातलं काम वेगळं असू शकते.

वॉर्निशचं आधी सांगते कारण ते लवकर संपते. थांबणार नाही. ते पीठ बांबू खाणाऱ्या किड्यामुळे पडते, तो किडा आतमध्ये आहे आणि तुम्ही बाहेरून दार लावताय. त्यातून बांबू आत ओला असेल तर वॉर्निशखाली तो ओलावा कोंडतो आणि बुरशी अजून वाढते.

आता फसवलं का, याचं उत्तर. मी त्या माणसाला ओळखत नाही, त्याने काय केलं ते पाहिलं नाही, पण तुम्ही जे लिहिलं त्यातून मला फसवणूक दिसत नाही, मला मे महिना दिसतो. तुमच्या सगळ्या प्रश्नात सगळ्यात महत्त्वाची गोष्ट तुम्ही येता येता लिहून गेलात, ती म्हणजे १२ दिवस. टोपली विणायला एक तास लागते, दोन तास लागतात, पण टोपलीचा बांबू तयार व्हायला तीन-चार महिने लागतात आणि ते तीन-चार महिने वर्षात कधी येतात हे आपल्या हातात नाही, बांबूच्या हातात आहे. तुम्ही विणायचा वेळ दिला होता, बांबूचा वेळ दिला नव्हता.

हे पीठ पाडणाऱ्या किड्याला आम्ही घुण म्हणतो. बारीक तपकिरी-काळा किडा असतो, तांदळाच्या दाण्याहून लहान, तो बांबूला भोक पाडून आत शिरतो, आत अंडी घालतो, अळ्या आतून खात जातात आणि जे खाली पडते तो त्यांनी खाल्लेला बांबू. पण तो बांबू खातो म्हणजे काय खातो, हे कळलं की पुढचं सगळं आपोआप कळते. त्याला लाकूड नको असते, त्याला बांबूमधला स्टार्च पाहिजे असतो, साबुदाण्यात असते ना तीच वस्तू. ज्या बांबूत स्टार्च भरपूर तिथे घुण, ज्यात कमी तिथे ती येत नाही किंवा येऊन फार टिकत नाही.

आणि हा स्टार्च वर्षभर सारखा नसतो. पावसाळा लागला की रांजीतून, म्हणजे बांबूच्या बेटातून, नवे कोंब निघतात, आमच्याकडे त्याला वास्ते म्हणतात, तुमच्याकडेही बाजारात येत असतील, भाजी करतात त्याची. तो वास्ता दोन-तीन महिन्यांत पूर्ण उंचीचा होतो, २५-३० फूट, आणि त्याला स्वतःची पानं नसतात तेव्हा हे वाढायला अन्न कुठून येते? जुन्या बांबूंनी साठवलेलं असते तिथून. म्हणजे उन्हाळ्यात, वास्ते निघायच्या आधी, सगळी रांजी पोटात अन्न भरून बसलेली असते, बाळंतपणाच्या आधी घरात डिंक, गूळ, खोबरं आणून ठेवतात तसं. पावसाळ्यात ते सगळं वास्त्यांना जाते आणि पाऊस संपला की बांबू रिकामा झालेला असतो. माझे सासरे शाळेत गेलेले नव्हते, त्यांना स्टार्च हा शब्द माहीत नव्हता, पण ते मला पहिल्याच वर्षी म्हणाले होते, "पोरी, बांबू उपाशी असला का तोडावा, जेवून बसला का तोडू नये." मी तेव्हा नुसतं हो म्हटलं, अर्थ कळायला बरीच वर्षं गेली.

म्हणून आमची तोड कार्तिकापासून माघापर्यंत, म्हणजे साधारण नोव्हेंबर ते फेब्रुवारीची सुरुवात. पावसाळ्यात तोड करायचीच नसते कारण वास्ते तुटतात आणि पुढची सगळी रांजी बिघडते. उन्हाळ्यात तोडता येतो पण तो जेवलेला बांबू. तुमच्या टोपल्या मे महिन्यात १२ दिवसांत झाल्या म्हणजे बांबू एकतर एप्रिल-मे मध्ये तोडलेला होता, नाहीतर कुठून तरी विकत आणलेला होता ज्याची तोड कधीची ते त्या बुरुडालाही सांगता आलं नसतं. लोक अंधाऱ्या पंधरवड्यात तोडावा असंही म्हणतात, आमच्याकडेही पाळतात, पण माझ्या अनुभवात तिथीपेक्षा महिना जास्त बोलतो. डिसेंबरच्या पौर्णिमेला तोडलेला बांबू मेच्या अमावस्येच्या बांबूपेक्षा केव्हाही बरा निघाला आहे.

अजून एक गोष्ट जी बाहेरच्या माणसाच्या लक्षात येत नाही. तोडलेला बांबू आम्ही पाण्यात टाकतो, गावाबाहेर बोडी, म्हणजे लहान तळं आहे तिथे, मोळ्या बांधून वर दगड ठेवून १५ ते २० दिवस. पाण्यात उरलासुरला स्टार्च आणि साखर निघून जाते. किती निघते ते वासावरून कळते, आठवड्याने त्या जागचं पाणी असं घाण वास मारते की गुरं तिथे तोंड लावत नाहीत. वाहतं पाणी असलं तर अजून चांगलं, नाल्याला पाणी असलं की आम्ही नाल्यातच टाकतो. आता सांगा, मे महिन्यात आमच्या बोडीत पाणी कुठे असते? तळाला चिखल आणि त्यात भेगा. नाला कोरडा. प्यायला बोअरवर रांग असते, बांबू भिजवायला पाणी कोण देणार.

आणि तिसरं, हात. तेंदूपत्त्याचा सिझन मे महिन्यात असतो, त्याच्या आधी मार्च-एप्रिलमध्ये मोह वेचायचा असतो. आमच्या शेडमधल्या नऊ जणींपैकी सहा जणी तेव्हा पहाटे चारला जंगलात जातात आणि मी त्यांना थांबवत नाही, कारण त्या दोन-तीन आठवड्यांत त्यांना जो रोख पैसा मिळतो तो टोपल्यांमध्ये नाही. म्हणजे बघा, बांबू भरलेला, बोडी कोरडी, हात जंगलात, आणि नेमकी तेव्हाच सगळ्या विदर्भाची लग्नं. तुमचा बुरुड या सगळ्याच्या मधोमध बसला होता आणि त्याने नाही म्हटलं असतं तर त्याचा सिझन गेला असता. तो हो म्हणाला. मीसुद्धा म्हणाले होते.

सहा वर्षं झाली त्याला. शहरातल्या एका दुकानाने एप्रिलच्या शेवटी ६० सुपं आणि १५० टोपल्या मागितल्या, २० दिवसांत पाहिजे म्हणाले, भाव चांगला दिला. आम्ही ताजा बांबू आणला, न भिजवता चिरला, रात्री बल्ब लावून विणलं, ओलंच पॅक केलं आणि वर पावसाळ्याची भीती म्हणून प्लास्टिकच्या पिशव्यांत भरलं. ऑगस्टमध्ये ४० सुपं परत आली. मी एक सूप वर्तमानपत्रावर उलटं धरून हाताने ठोकलं, तर खाली चहाच्या चमच्याने मोजता येईल एवढं पीठ पडलं, आणि सुपाच्या मधल्या पट्ट्या बोटाने दाबल्या तर बिस्किटासारख्या मोडल्या. काठ मात्र तसाच होता, चकचकीत. मी ते सूप फेकलं नाही, शेडच्या खांबाला टांगून ठेवलं आहे, नवीन पोरी कामाला आल्या की त्यांना दाखवते.

तो काठ तसाच का राहिला, यात तुमच्या खरेदीच्या कामाची सगळ्यात मोठी गोष्ट आहे. बांबू चिरला की त्याची पट्टी थर काढत काढत सोलतात. सगळ्यात बाहेरचा थर म्हणजे पाठ, हिरवा, गुळगुळीत, कडक, नख मारलं तरी ओरखडा उठत नाही. आतला थर म्हणजे पोट, पांढरट, मऊ, दोऱ्या दोऱ्यांचा. स्टार्च जास्त पोटात. घुण पाठीतून सहसा शिरत नाही, तिथे तिचं तोंड चालत नाही, ती कापलेल्या टोकातून किंवा पोटाच्या बाजूने शिरते. चिरलेल्या एका फाळीतून पाठीची पट्टी एकच निघते आणि पोटाच्या दोन-तीन निघतात, म्हणून पोटाची टोपली स्वस्त. रंगवली की दोन्ही सारख्याच दिसतात. तुम्ही २०० टोपल्या घासाघीस करून घेतल्या असतील तर त्यात पोटाच्या पट्ट्या असणारच, हा हिशेब आहे, यात कोणाची चोरी नाही. ओळखायचं कसं? पट्टीवर नखाने ओढा. रेघ उठली, दोरे निघाले तर पोट. नख घसरलं तर पाठ. सुपासाठी पाठच मागा, कारण धान्य पाखडताना दाणा पट्टीवरून घसरला पाहिजे, पोटाच्या पट्टीवर दाणा अडतो आणि कोंडाही अडतो. पाहुण्यांना द्यायच्या टोपलीला उभ्या कामट्या पाठीच्या आणि आडवं विणकाम मिक्स चालते, फक्त बांबू हिवाळ्याचा पाहिजे.

बांबूच्या वयाचं पण विचारा. एका वर्षाचा कोवळा बांबू विणायला लोण्यासारखा असतो, वाकवाल तसा वाकतो, म्हणून घाईत तोच तोडला जातो, पण त्यात पाणी जास्त, वाळला की आकसतो आणि टोपली खुळखुळी होते. आम्ही दोन पावसाळे खाल्लेला घेतो विणायला, आणि काठाला, कडीला, बुडाच्या आडव्या पट्टीला तीन वर्षांच्या वरचा. जंगलात वय ओळखायची खूण म्हणजे पहिल्या वर्षाच्या बांबूवर खोडाला चिकटलेली सालं आणि पांढरी भुकटी असते, रंग गर्द हिरवा असतो, पुढे सालं गळतात, रंग उतरत जातो, अंगावर पांढरट चट्टे येतात, आणि कोयत्याच्या पाठीने ठोकलं तर आवाज बदलतो, कोवळा भद्द वाजतो, पिकलेला टण्ण. रांजीच्या बाहेरच्या बाजूला कोवळे असतात आणि मध्यभागी जुने, म्हणून चांगली तोड करायला मधे शिरावं लागते, अंगाला ओरखडे येतात, आणि घाईचा माणूस बाहेरूनच तोडून निघून जातो. असं दोन-तीन वर्षं झालं की ती रांजी वाळते.

आता तुमच्या मनात येईल की मग आजीच्या घरची सुपं २०-२० वर्षं कशी टिकायची, तेव्हा काय सगळे हिवाळ्यातच सूप घ्यायचे? मलाही हा प्रश्न खूप दिवस होता. सगळे हिवाळ्यात घेत नव्हते. पण तेव्हा सूप चुलीच्या वर खुंटीला टांगलेलं असायचं आणि रोज धूर खायचं. धुरात घुण येत नाही. सूप नवीन आणलं की बायका मेथ्या भिजवून वाटायच्या, त्यात रद्दी कागदाचा लगदा घालून सुपाला आतबाहेर सारवायच्या, टोपल्यांना शेणाचं सारवण, म्हणजे घुण शिरायच्या सगळ्या फटी बंद. आणि रोज वापर, रोज ऊन, रोज झटकणं. आता गॅस आला, स्वयंपाकघरात धूर नाही, ते चांगलंच झालं, आमच्या बायकांचे डोळे वाचले, पण सूप आता बंद खोलीत भिंतीला शोभेला टांगलेलं असते, वर रंग आणि आरसे लावून, आणि चार महिने कोणी हात लावत नाही. जे काम आधी चूल करत होती ते आता आम्हाला शेडमध्ये करावं लागते. हे ज्या बुरुडाला कोणी सांगितलं नाही तो अजून जुन्या पद्धतीने देतो आणि मग त्याचं नाव खराब होते. याचं मला मनापासून वाईट वाटते, कारण हात चांगला असलेली कितीतरी माणसं या एका कारणाने धंद्यातून गेली.

शेडमध्ये आम्ही काय करतो ते सांगते म्हणजे तुम्ही जिथे ऑर्डर द्याल तिथे विचारता येईल. स्वयंपाकघरात जाणारी वस्तू असेल, सूप, भाकरीची टोपली, भात गाळायची टोपली, तर पट्ट्या सोलून झाल्यावर मोठ्या गंजात, म्हणजे पातेल्यात, अर्धा-पाऊण तास उकळतो. औषध काही नाही, नुसतं पाणी. शोभेची वस्तू, लॅम्प, फुलदाणी, ट्रे असं असेल तर बोरॅक्स आणि बोरिक अ‍ॅसिडच्या पाण्यात बुडवतो, तीन भाग बोरॅक्स, दोन भाग बोरिक, आणि १०० लिटर पाण्याला दोन्ही मिळून ५ किलो. हे मी चिचपल्लीला जे बांबू संशोधन व प्रशिक्षण केंद्र आहे तिथे शिकून आलेल्या आमच्याच गावच्या मुलाकडून शिकले. पण खाण्याच्या वस्तूला हे औषध लावायचं नाही, आणि कोणी तुम्हाला सांगितलं की आम्ही सगळ्याच मालाला लावतो तर लग्नाच्या टोपल्या, ज्यात तुम्ही लाडू-चिवडा देणार, त्या उकळलेल्या पट्टीच्याच मागा.

उकळलेली पट्टी ओली असतानाच विणतात, वाळलेली मोडते. म्हणून विणून झाली की टोपली सावलीत आठ-दहा दिवस ठेवावी लागते. या आठ-दहा दिवसांत पट्ट्या आकसतात आणि विणकामात फटी पडतात, मग आम्ही लाकडाच्या तुकड्याने एकेक पट्टी खाली ठोकून घट्ट करतो आणि मगच काठ बांधतो. काठ शेवटी. ज्या टोपलीचा काठ विणल्या दिवशीच बांधला ती महिनाभरात हलायला लागते. तुम्ही टोपली घेताना दोन्ही हातांनी काठ धरून हलकं पिळून बघा, करकर आवाज आला आणि आकार परत जागेवर आला तर ठीक, आतल्या पट्ट्या सरकल्या तर काठ घाईत बांधलेला आहे.

आता भावाचं लग्न. एप्रिल म्हणालात आणि आज दसरा तोंडावर आहे, म्हणजे तुमच्याकडे वेळ आहे, भरपूर आहे. ऑर्डर आताच द्या. तोड नोव्हेंबर-डिसेंबरमध्ये होईल, बोडीत तेव्हा धानाचं हंगाम संपूनही पाणी असते, भिजवणं, चिरणं जानेवारीपर्यंत, विणकाम जानेवारी-फेब्रुवारीत जेव्हा मोह लागलेला नसतो आणि हात रिकामे असतात, आणि मार्चच्या सुरुवातीला वाळलेला माल तुमच्या घरी. तेव्हा भावही कमी पडतो, कारण घाईचा भाव द्यावा लागत नाही. पण आगाऊ रक्कम द्या, निम्मी तरी. हे मी आमच्या फायद्याचं सांगते असं वाटेल, पण बुरुडाने हिवाळ्यात बांबू तोडून किंवा विकत घेऊन तीन महिने ठेवायचा म्हणजे त्याचा पैसा अडकतो, आणि तेवढा पैसा आमच्यातल्या बहुतेकांकडे नसतो. म्हणूनच तो लागेल तेव्हा लागेल तेवढा आणतो आणि मे मध्ये मे चा बांबू विणतो. तुमची आगाऊ रक्कम म्हणजे हिवाळ्याचा बांबू, असं समजा.

२०० टोपल्या एकाच घरातून मागू नका, मागितल्या तरी तो चार घरांत वाटणार, आणि मग चार हातांचे चार आकार येतील. यासाठी सोपं करा, एक टोपली पसंत करून ती नमुना म्हणून तिथेच ठेवा आणि तोंडाच्या मापाची लोखंडी तारेची एक रिंग आणि उंचीची एक काडी करून द्या. आमच्या शेडला अशा रिंगा खिळ्याला टांगलेल्या आहेत, प्रत्येक गिऱ्हाइकाची वेगळी. तरी थोडा फरक राहील. तो राहू द्या, हाताचा माल आहे.

कोणाकडून घ्याव्यात याचं एकच उत्तर नाही. तुमच्या जवळच्या बाजारातला तोच बुरुड चांगला असू शकतो, वर सांगितलेलं सगळं त्याला विचारून बघा, तो कोणत्या महिन्याची तोड वापरतो आणि भिजवतो का, एवढ्या दोन उत्तरांत कळते. नोंदणी असलेल्या बुरुड कुटुंबांना वनविभागाकडून सवलतीच्या दराने बांबू मिळायची सोय आहे, त्यामुळे कार्ड आहे का हेही विचारा, असेल तर तुमच्या ऑर्डरसाठी तो हिवाळ्यातच बांबू उचलू शकतो. गडचिरोलीकडे जाणं होत असेल तर धानोरा तालुक्यात मेंढा-लेखा आहे, २००६ च्या वनहक्क कायद्याखाली गावाला जंगलाचा सामूहिक हक्क मिळाला आणि २०११ पासून बांबूची वाहतूक-विक्री ग्रामसभेच्या हातात आली, तिथून आणि आसपासच्या ग्रामसभांमधून तोडीचा महिना माहीत असलेला बांबू मिळतो. मेळघाट जवळ पडत असेल तर धारणी तालुक्यात लवादा इथे सुनील आणि निरुपमा देशपांडे यांनी उभं केलेलं संपूर्ण बांबू केंद्र आहे, तिथल्या कोरकू कारागिरांचं काम नक्की बघा. आणि तुमच्या स्वतःच्या शेताच्या बांधावर बांबू असेल तर अजून चांगलं, २०१७ मध्ये कायद्यात बदल झाला आणि जंगलाबाहेरचा बांबू झाडाच्या व्याख्येतून निघाला, आता तो तोडायला आधीसारखी कटकट नाही. तुम्ही बांबू द्या, बुरुड मजुरी घेईल. फक्त कटांग असेल, काट्याचा, तर तो बारीक कामाला जड जातो, आधी दाखवून घ्या.

थोडक्यात परत एकदा, कारण मी खूप लिहिलं: आता ऑर्डर, निम्मा आगाऊ पैसा, हिवाळ्याची तोड, पाण्यात भिजवलेला, खाण्याच्या वस्तूला उकळलेली पट्टी, काठ वाळल्यावर. आणि घरी आणल्यावर प्लास्टिकच्या पिशवीत भरू नका, जुन्या साडीत किंवा वर्तमानपत्रात गुंडाळा आणि कोरड्या खोलीत उंचावर ठेवा. तुमच्या सुपांवरचे काळे डाग पिशवीत ओलावा कोंडून आलेल्या बुरशीचेच असतील, माझी पैज.

एक तपासणी घरी करता येते, ती सांगायची राहिली. मेडिकलमध्ये टिंक्चर आयोडिन मिळते, पट्टीच्या ताज्या कापलेल्या टोकावर त्याचा एक थेंब टाका. स्टार्च असेल तर जागा काळी-निळी होते, जितका गडद डाग तितकं घुणीचं जेवण जास्त. कमी असेल तर नुसता पिवळा-तपकिरी डाग राहतो. मी हे पहिल्यांदा केलं तेव्हा एकाच शेडमध्ये दोन पट्ट्या ठेवल्या, एक मे ची आणि एक डिसेंबरची भिजवलेली, आणि आमच्या सगळ्या जणी गोल करून बघत होत्या. मे ची पट्टी शाई सांडल्यासारखी झाली. एक म्हातारी, ७० च्या पुढची, तिने डिसेंबरची पट्टी हातात घेतली, वास घेतला आणि म्हणाली, "हे तर मले वासावरूनच समजते जी, औषध कायले पाहिजे." तिला खरंच समजते, मी परीक्षा घेऊन बघितली आहे. मला समजत नाही, म्हणून मी थेंब टाकते.

ज्या टोपल्यांतून आता पीठ पडतंय त्यांचं काय, हेही विचारलं आहे तुम्ही. ज्यांच्या पट्ट्या दाबल्यावर मोडतात त्या चुलीत घाला, दुसऱ्या मालाजवळ ठेवू नका, तिथून घुण पसरते. ज्या अजून घट्ट आहेत आणि रंगवलेल्या नाहीत त्या मोठ्या गंजात उकळत्या पाण्यात पूर्ण बुडवून १५-२० मिनिटं ठेवा, वर वजन ठेवा नाहीतर तरंगतात, मग सावलीत वाळवा, नंतर एक दिवस कडक ऊन दाखवा. अळ्या मरतात. पडलेली भोकं राहतील, पण खाणं थांबेल. नंतर मेथीच्या लगद्याने सारवून घेतलं तर ती सुपं अजून बरीच वर्षं पाखडायला चालतील, शोभेला नाही, कामाला.

आणि त्या बुरुडाकडे जाल तेव्हा भांडायला जाऊ नका, पण पीठ पडणारी एक टोपली सोबत न्या. त्याच्यासमोर मधली एक पट्टी मोडा आणि त्याच्या हातात द्या. हात चांगला असेल तर तो आतला रंग बघून, वास घेऊन सांगेल की बांबू कधीचा आणि कोणत्या रांजीचा होता, कोणी आणून दिला होता. मग त्याला सांगा की एप्रिलसाठी २०० पाहिजेत, बांबू कार्तिकात तोडायचा आणि पैसे आज घेऊन आलोय.